काळ्या डांबरावरची तुटक रेघ

१/ एखादी गोष्ट अढळ आहे असे सांगायचे असले की आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. आता एखाद्या दुपदरी महामार्गाच्या कडेला उभे राहून खाली पाहा. खडी आणि डांबर यांचा दगडासारखा काळा थर आणि त्यावर पांढरी रेघ. ही रेघ मात्र बहुतेक ठिकाणी तुटक असते. थोडी रंगवलेली, थोडी सोडलेली, पुन्हा थोडी रंगवलेली. त्या सोडलेल्या जागेला काही अर्थ आहे काय? आजचा धागा त्या मोकळ्या जागेच्या इतिहासाविषयी.

२/ या प्रश्नाचे उत्तर केवळ रस्त्यावर सापडत नाही. रस्त्यावर उतरण्यापूर्वी कित्येक वर्षे तुटक रेषा कागदावर नांदत होती. नकाशाकाराच्या तक्त्यावर ती होती, अभियंत्याच्या आराखड्यात ती होती. कागदावर तिने जो अर्थ कमावला, त्याचेच नाते पुढे रस्त्यावरील अर्थाशी जुळले. म्हणून आधी कागद, मग नकाशा आणि शेवटी रस्ता, या क्रमाने जाऊ.

३/ प्रथम फ्रान्समध्ये. गास्पार मोंज (१७४६–१८१८) हा बोन या गावातील एका साध्या व्यापाऱ्याचा मुलगा. बुद्धी असामान्य, परंतु जन्म सामान्य कुळातला. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत अधिकारी होण्यासाठी लागणारे उच्च कुळ त्याच्यापाशी नव्हते. त्यामुळे त्याला त्याच शाळेच्या कार्यशाळेत काम मिळाले. तेथे आराखडे काढायचे, तटबंदीच्या प्रतिकृती करायच्या आणि थोरामोठ्यांच्या मुलांना लागणारी हातकामे उरकायची.

४/ सुमारे १७६५ साली त्याच्यापुढे एक प्रश्न आला. किल्ल्याची तटबंदी अशी आखायची, की आसपासच्या टेकड्यांवरून डागलेल्या तोफेच्या माऱ्यात आतील शिबंदी उघडी पडू नये. आपल्याकडील डोंगरी किल्ले पाहिलेल्यांना ही चिंता लगेच कळेल. समोरचा डोंगर आपल्याहून उंच असेल, तर भिंत किती उंच आणि कोठे हवी? त्या काळी हे उत्तर लांबलचक आकडेमोडीने काढत.

५/ मोंजने आकडेमोड बाजूला ठेवली आणि रेषांनी उत्तर काढले. ते इतक्या लवकर काढले, की वरिष्ठ अधिकारी ते तपासायलाच तयार होईना. एवढ्या वेळात हे गणित सुटणेच शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. अखेर उत्तर तपासले गेले आणि ते बरोबर निघाले. मग शाळेने ही रीत उचलली. इतकेच नव्हे, तर लष्करी गुपित म्हणून ती जपली. सुमारे तीन दशके मोंजला ती उघडपणे मांडता आली नाही.

६/ फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली, पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्याने या विषयावर जाहीर व्याख्याने दिली. १७९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. विषयाचे नाव वर्णनात्मक भूमिती. कल्पना अशी: कोणतीही घन वस्तू दोन सपाट चित्रांत पूर्णपणे बांधता येते. एक चित्र वरून पाहिल्याचे, दुसरे समोरून पाहिल्याचे. दोन्ही एकत्र वाचली की वस्तूचा प्रत्येक बिंदू निश्चित होतो.

७/ येथे एक अडचण उभी राहते. समोरून पाहणाऱ्याला मागची कड दिसत नाही. वरून पाहणाऱ्याला तळ दिसत नाही. चित्रकार असता तर त्याने न दिसणारे सोडून दिले असते. अभियंत्याला तसे करता येत नाही, कारण त्याच्या चित्रावरून दुसऱ्या कुणाला तरी ती वस्तू घडवायची असते. म्हणून जे आहे पण दिसत नाही, तेही कागदावर आणावे लागते. मात्र ते ‘दिसते’ असे खोटे सांगायचे नाही.

८/ या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे तुटक रेषा. दिसणारी कड सलग आणि लपलेली कड तुटक, हा संकेत मोंजच्या शिष्यपरंपरेने एकोणिसाव्या शतकात दूरवर नेला. त्याचा शिष्यवर्ग पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधून बाहेर पडला. तेथेच शिकलेला क्लोद क्रोझे हा नेपोलियनच्या सैन्यातील अधिकारी १८१६ मध्ये अमेरिकेला गेला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्याने वर्णनात्मक भूमिती शिकवली आणि १८२१ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले.

९/ हा संकेत किती महत्त्वाचा, हे एका लोखंडी ठोकळ्यावरून समजेल. ठोकळ्याला वरून एक गोल भोक पाडलेले आहे. वरून पाहिले तर वर्तुळ दिसते. समोरून पाहिले तर नुसता आयत. मग भोक आरपार आहे की अर्ध्यातच थांबते? समोरच्या चित्रात दोन उभ्या तुटक रेषा वरपासून खालपर्यंत गेल्या, तर भोक आरपार. मध्येच थांबल्या, तर तेवढीच खोली. कारागिराने एवढे चुकीचे वाचले की बोल्ट बसत नाही, बाष्पक गळतो आणि कुणाच्या तरी जिवावर बेतते.

१०/ शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला बसलेल्यांना घनभूमितीची प्रश्नपत्रिका आठवत असेल. शंकूची मागची कड सलग काढली की बाईंचा लाल पेन्सिलीचा गोल ठरलेला. ‘दिसत नाही ना? मग तुटक काढ.’ शाळेतील हा साधा दंडक त्या फ्रेंच परंपरेतूनच आपल्यापर्यंत आला आहे.

११/ पुढे एका शोधामुळे या रेषेचे महत्त्व आणखी वाढले. पूर्वी यंत्रांचे आराखडे जलरंगाने भरत. ओतीव लोखंड, पोलाद, पितळ, वीट यांना रंग वाटून दिलेले असत. १८४२ मध्ये जॉन हर्शेल याने सूर्यप्रकाशाने निळी प्रत उमटवण्याची रीत शोधली. त्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांत हीच ‘ब्लूप्रिंट’ सर्वत्र झाली. प्रती स्वस्त आणि झटपट मिळू लागल्या. मात्र निळ्या कागदावर पांढरी रेघ, एवढेच उरले. रंग गेले.

१२/ रंग गेल्यावर सगळा अर्थ रेषेच्या प्रकारावर येऊन पडला. तुटक रेषा म्हणजे लपलेली कड. एक लांब तुकडा, एक लहान, पुन्हा लांब, अशी साखळी म्हणजे मध्यरेषा. दोन लहान तुकड्यांची साखळी म्हणजे हलणाऱ्या भागाची दुसरी संभाव्य जागा. अशी ही लिपी तयार झाली. तिची अक्षरे रेघेच्या तुकड्यांनी जितकी घडली, तितकीच मधल्या फटींनी.

१३/ आता नकाशाकडे वळू. नकाशात न दिसणारी गोष्ट दाखवण्याची गरज आराखड्याहूनही जुनी आहे. इ.स. १५९५ च्या सुमारास योडोकस होंडियस याने जगाचा एक नकाशा कोरला. त्यात फ्रान्सिस ड्रेक आणि टॉमस कॅव्हेंडिश यांच्या पृथ्वीप्रदक्षिणांचे मार्ग ठिपक्यांच्या, तुटक रेषांनी दाखवलेले आहेत. समुद्रावर जहाजाची वाट उमटत नाही. जहाज पुढे गेले की पाणी मिटते. त्या न उरलेल्या वाटेसाठी तुटक रेघच शोभते.

१४/ समुद्र सोडून जमिनीवर आले की तुटक रेषा वेगळी कबुली देते: ‘येथे नदी असावी, पण कुणी पाहिलेली नाही.’ एकोणिसाव्या शतकात आशियाच्या भूगोलातील एक मोठे कोडे याच जातीचे होते. तिबेटमधून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो हिमालयाच्या टोकाशी खोल दरीत शिरते आणि दृष्टिआड होते. आसामात ब्रह्मपुत्रा अवतरते. दोन्ही एकच नदी, की त्सांगपो ब्रह्मदेशातील इरावतीला मिळते? मधला तुकडा कुणालाच ठाऊक नव्हता.

१५/ तिबेटचे दरवाजे युरोपीय लोकांना बंद होते. म्हणून ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने तेथे देशी माणसे वेषांतर करून पाठवली. १८८० मध्ये कॅप्टन हार्मन याने एका चिनी लामाला धाडले आणि त्याच्या सोबत, नोकराच्या रूपात, किंथुप नावाचा सिक्कीमचा माणूस दिला. किंथुपला लिहितावाचता येत नव्हते. कामगिरी अशी: त्सांगपोत खुणा केलेले ५०० ओंडके सोडायचे, रोज ५० याप्रमाणे. ते आसामात वाहत आले, तर नदी एकच.

१६/ लामाने वाटेत दगा दिला. किंथुपला त्याने एका स्थानिक अधिकाऱ्याला गुलाम म्हणून विकले आणि आपण चालता झाला. किंथुप तेथून निसटला. पाठलाग झाला तेव्हा एका मठाच्या प्रमुखाने त्याला विकत घेऊन वाचवले, म्हणजे तो पुन्हा बांधलाच गेला. आता कामगिरी सोडून घरी पळाला असता, तर कोण विचारणार होते? त्याने तसे केले नाही. तीर्थयात्रेला जायचे म्हणून मठातून रजा घेतली आणि जंगलात जाऊन ५०० ओंडके तयार करून लपवून ठेवले.

१७/ मग पुन्हा रजा मागून तो ल्हासाला गेला. तेथे एका ओळखीच्याकडून पत्र लिहून घेतले: अमुक दिवसांपासून ओंडके सोडीन, आसामात लक्ष ठेवा. परत मठात येऊन चाकरी केली आणि ठरल्या दिवसांना, रोज ५०, असे सर्व ओंडके नदीत सोडले. परंतु हार्मन आजारपणामुळे भारत सोडून गेला होता. पत्र वेळेवर कुणाच्या हाती पडले नाही. ओंडके वाहत गेले आणि नदीकाठी पाहायला कुणीही नव्हते.

१८/ १८८४ मध्ये किंथुप दार्जिलिंगला परतला. चार वर्षे गेली होती. त्याने आठवणीतून प्रवास सांगितला, दुसऱ्याने तो लिहून घेतला. निरक्षर माणसाचे तोंडी कथन म्हणून अनेकांनी त्यावर शंका घेतली. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या दरीत उतरले आणि किंथुपच्या वर्णनाचा बराच मोठा भाग त्यांना खरा आढळला. त्यानंतर बेलीच्या प्रयत्नांनी वृद्ध किंथुपला १००० रुपयांचे बक्षीस मिळाले. पुढे थोड्याच काळात तो वारला.

१९/ ही कथा या धाग्यात का घेतली? तुटक रेषा सलग कशी होते, हे तिच्यातून दिसते. कुणीतरी स्वतःच्या पायांनी तेथे जातो, पाहतो, परत येऊन सांगतो. तेव्हाच मधली फट भरण्याचा अधिकार मिळतो. तोवर फट उघडी ठेवणे हा नकाशाकाराचा प्रामाणिकपणा असतो. नकाशातील रेघेचे ते लहान लहान तुकडे म्हणजे ‘अजून पाहायचे आहे’ अशी नोंद.

२०/ ही नोंद वाकवताही येते. त्याचे विसाव्या शतकातील उदाहरण दक्षिण चीन समुद्रात आहे. १९४७ च्या सुमारास तत्कालीन चिनी प्रजासत्ताकाच्या सरकारने एक नकाशा तयार केला. त्यात या समुद्राभोवती इंग्रजी ‘यू’च्या आकारात ११ तुकड्यांची रेषा होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी, साम्यवादी राजवटीत, टोंकिनच्या आखातातील दोन तुकडे वगळले गेले. उरली ती आज प्रसिद्ध असलेली ‘नऊ तुकड्यांची रेषा’.

२१/ मे २००९ मध्ये चीनने हा नकाशा संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या पत्रांना जोडला. प्रश्न असा उभा राहिला, की या रेषेचा अर्थ काय? ती आतील बेटांवरचा हक्क सांगते की सगळ्या पाण्यावरचा? दोन तुकड्यांच्या मधून सीमा नेमकी कोठून जाते? फिलिपिन्सने २०१३ मध्ये लवादाकडे दाद मागितली. १२ जुलै २०१६ रोजी लवादाने निर्णय दिला, की या रेषेच्या आतील सागरी साधनसंपत्तीवरील ‘ऐतिहासिक हक्कां’ना सागरी कायद्यात आधार नाही. चीनने हा निर्णय मानला नाही.

२२/ दोन्ही फटींतील फरक लक्षात घ्या. त्सांगपोच्या रेषेतील फट ‘मला ठाऊक नाही’ असे सांगत होती. सागरावरील या रेषेतील फटी मात्र स्पष्ट काही न सांगण्याच्या सोयीसाठी उघड्या राहिल्या. आणि ती सोय एकाची असली, तरी झळ दुसऱ्यांना लागते. त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या फिलिपिनी आणि व्हिएतनामी कोळ्यांच्या होड्यांना नकाशावरचे ते तुकडे समुद्रात प्रत्यक्ष अडवतात. पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात. कागदावर काढलेली ही पाण्यावरची रेघ मात्र टिकून आहे.

२३/ येथवर तुटक रेषेने आपल्याला ‘काय आहे’ ते सांगितले. तिचा आणखी एक उपयोग आहे: ‘काय कर’ हे सांगणे. जपानी कलावंत अकिरा योशिझावा याने १९५४ मधील आपल्या पुस्तकात कागदाच्या घड्यांसाठी एक चिन्हलिपी वापरली. नुसती तुटक रेषा म्हणजे आत मुडपायची, दरीसारखी घडी. रेघ आणि टिंब यांची साखळी म्हणजे बाहेर मुडपायची, डोंगरासारखी घडी. आज जगभर ओरिगामीची पुस्तके याच लिपीच्या आधारे वाचली जातात. येथे रेषा पाहायची नसते. ती वाचून हाताने कृती करायची असते. रस्त्यावरची रेषा नेमकी या जातीची आहे.

२४/ रस्त्यावर रेघ आली ती मोटारीमुळे. बैलगाडी आणि घोडागाडी समोरासमोर आल्या तर चालक एकमेकांना हाक मारून वाट देत. मोटारीच्या वेगात हाकेला वेळ उरला नाही. १९११ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातील वेन काउंटीचा रस्ते-अधिकारी एडवर्ड हाइन्स याने ट्रेंटन येथील रस्त्यावर मध्यभागी रेघ ओढवली. गळक्या दुधाच्या गाडीमागे रस्त्यावर उमटलेली पांढरी धार पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात.

२५/ १९१७ साली कॅलिफोर्नियातील इंडियो गावाजवळ जून मॅकॅरोल या महिला डॉक्टर आपली मोटार चालवत होत्या. समोरून येणाऱ्या ट्रकने रस्त्याचा मध्य व्यापला आणि त्यांना कडेच्या वाळूत उतरावे लागले. जीव वाचला. त्यांनी रस्त्याच्या मध्यावर रेघ ओढण्याची मागणी अधिकाऱ्यांकडे केली. कुणी दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच रंग घेतला आणि सुमारे एक मैलभर, चार इंच रुंदीची पांढरी रेघ रस्त्यावर रंगवली.

२६/ मग महिला मंडळांच्या साहाय्याने त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग आयोगाने मध्यरेषेची पद्धत स्वीकारली. २००२ मध्ये त्या भागातील महामार्गाच्या एका तुकड्याला मॅकॅरोल यांचे नाव देण्यात आले. १९१७ मध्येच अमेरिकेत आणखी काही ठिकाणी, धोकादायक वळणांवर, अशा रेषा स्वतंत्रपणे ओढल्या गेल्या. गरज एकच होती, म्हणून अनेकांना एकाच वेळी सुचले.

२७/ रेषेचा संदेश सरळ होता: अर्धा रस्ता तुझा, अर्धा त्याचा. परंतु रस्त्यावर बैलगाडी, ट्रक, मोटार सगळेच असतात. हळू वाहनाला मागे टाकायचे, तर रेघ ओलांडावीच लागते. सर्वत्र सलग रेघ ओढून ‘ओलांडू नका’ म्हटले, तर प्रत्येक जण ती ओलांडतो. मग जेथे खरोखर ओलांडू नये, तेथेही तिचा धाक राहत नाही. रेघच नसली, तर आंधळ्या वळणावर कुणीतरी समोरच्याला धडकतो.

२८/ यावरचा तोडगा म्हणजे रेघेची दोन रूपे. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे रस्तेचिन्हांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचा आशय असा: सलग रेषा ओलांडू नये. तुटक रेषेला मनाईचा अर्थ नाही; ती वाट दाखवते किंवा पुढे सलग रेषा येत असल्याचा इशारा देते. इशारा देताना तिच्यातील फटी नेहमीपेक्षा लहान ठेवायच्या. सलग आणि तुटक शेजारी शेजारी असल्या, तर प्रत्येक चालकाने आपल्या बाजूची रेषा पाळायची.

२९/ या शेवटच्या नियमात मोठे शहाणपण आहे. चढाच्या माथ्याजवळ एकाच ठिकाणी दोन चालकांची नजर सारखी नसते. माथ्याकडे चढणाऱ्याला पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून त्याच्या बाजूला सलग रेषा. माथा ओलांडून उतरणाऱ्याला मोकळा रस्ता दूरवर दिसतो, म्हणून त्याच्या बाजूला तुटक. एकाच जागी, एकाच वेळी, एकाला मनाई आणि दुसऱ्याला मुभा. या नियमात पद, जात वा गाडीची किंमत यांना स्थान नाही. कुणाला किती दिसते, एवढ्यावरच तो उभा आहे.

३०/ ‘किती दिसते’ हे मोजताही येते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. समोरूनही तितक्याच वेगाने वाहन येत असेल, तर दोघांमधील अंतर दर सेकंदाला ४४ मीटरने मिटते. ओव्हरटेक करायला १० सेकंद लागले, तर सुमारे ४४० मीटर रस्ता संपतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ताशी ८० च्या वेगासाठी ओव्हरटेकला लागणारे दृष्टी-अंतर ४७० मीटर धरले आहे. नुसते थांबायला १२० मीटर पुरतात.

३१/ या संस्थेच्या उगमाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. १९२७ मध्ये भारतातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आणे जादा कर घेऊन रस्त्यांसाठी निधी उभारावा, असे या समितीने सुचवले. तिच्या शिफारशींतूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्त्यावरील खुणांची संहिता या संस्थेने १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली.

३२/ आपल्या संहितेतही हेच तत्त्व आहे. सरळ रस्त्यावर फट मोठी, वळणावर आणि चौकाजवळ लहान. फट हे चालकाच्या मोकळीकीचे माप आहे. पुढे जसजसे कमी दिसणार, तसतशी फट आवळत जाते आणि शेवटी मिटते. कुंभार्ली किंवा आंबा घाटात, रेघा पुसट झालेल्या नसतील तर, हे डोळ्यांनी पाहता येईल. पावसाळ्यात धुके उतरले की समोरची गाडी दिसत नाही. पायाखालची रेघ मात्र दिसते.

३३/ तरीही आपण ही रेघ नीट पाहत नाही. अमेरिकेत महामार्गावरील तुटक रेषेचा प्रत्येक तुकडा १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर लांब असतो आणि मधली फट ३० फूट, सुमारे ९ मीटर. ओहायो स्टेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांना तुकड्याची लांबी विचारली, तेव्हा सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर होते २ फूट! वेगात लांबी आकसलेली भासते. लांबी आकसलेली भासली, की वेगही कमीच वाटतो. येथेच घात होतो.

३४/ आणि आपल्याकडील सर्वांत मोठा गैरसमज: तुटक रेषा म्हणजे परवानगी. ती तशी नाही. ज्याने ती आखली, त्याने रस्त्याची वळणे आणि चढउतार मोजून ठरवले, की येथून पुरेसे दूरचे दिसू शकते. परंतु त्या क्षणी समोरून कोण येत आहे, हे त्याला कसे कळणार? ते पाहण्याचे काम त्याने चालकावर सोपवले आहे. फटीत लिहिलेला मजकूर असा आहे: ‘आता तू पाहा.’

३५/ आता तिन्ही ठिकाणे शेजारी ठेवून पाहा. आराखड्यातील तुटक रेषा म्हणते, ‘कड आहे, पण येथून दिसत नाही.’ नकाशातील म्हणते, ‘असावे, पण कुणी पाहिलेले नाही.’ रस्त्यावरील म्हणते, ‘रस्ता मी पाहिला आहे, समोरचे वाहन तू पाहा.’ तिन्ही ठिकाणी रेघ जेथे तुटते, तेथे आखणाऱ्याची नजर संपते आणि वाचणाऱ्याची जबाबदारी सुरू होते.

३६/ पुढच्या वेळी एस.टी.ने घाट चढताना पुढच्या बाकावर जागा मिळाली, तर खालच्या रेघेकडे लक्ष द्या. वळण दिसण्याच्या आधीच फटी लहान होऊ लागतील. तुमच्यापूर्वी कुणीतरी तेथे उभे राहून, ते वळण पाहून, अंतर मोजून गेलेले असते. किंथुपप्रमाणे त्याचेही नाव तुम्हाला ठाऊक नसते. त्याने पाहिले ते रेघेत भरले, आणि जे त्याला पाहता येणार नव्हते, तेवढी जागा तुमच्यासाठी सोडली.